टोमॅटो पिवळा का झाला?

तीन वर्षांपूर्वी धाराशिवमधील आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची चार रोपे लावली होती. दोन डब्यांत नेहमीचा लाल टोमॅटो होता आणि दोन डब्यांत ‘यलो पेअर’ ही पिवळी जात. हिची फळे लहान, पेरूसारखी मानेकडे निमुळती आणि पिकल्यावर लिंबासारखी पिवळीधमक होतात. बी जानेवारीच्या सुरुवातीला पेरले होते. एप्रिलच्या मध्यास फळे पिकू लागली. पिवळ्या जातीची फळे पिवळी झाली, त्यात नवल नव्हते. पण शेजारच्या डब्यांतली लाल जातीची फळेही पिवळसर नारिंगीच राहिली. हाताला मऊ लागत होती, चवीलाही पिकलेली होती, पण लाल होईनात.

गच्चीवर आलेल्या प्रत्येकाने आपापला निकाल दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बी भेसळीचं निघालं बघा.” दहावीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पिवळ्याचे पराग उडून लालवर पडले असतील.” तिच्या भावाने सांगितले, “हा तिरंगा रोग आहे. खाऊ नका.”

एकाच फळाच्या रंगाबद्दल ही तीन वेगवेगळी अनुमाने झाली. यांपैकी खरे कोणते, हे ठरवायचे कसे? हा प्रश्न केवळ गच्चीपुरता नाही. बी भेसळीचे असेल तर ते पुढच्या वर्षी ठेवायचे नाही. रोग असेल तर रोप उपटून टाकायचे. आणि दोन्हीही नसेल, तर आपण चांगले बी आणि चांगले फळ विनाकारण फेकून देणार. म्हणून या लेखात पिवळा टोमॅटो घरी कसा वाढवायचा हे तर पाहूच, पण त्याचबरोबर पिवळेपणाची कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करायची हेही पाहू या.

सोन्याचे सफरचंद

आपण टोमॅटो म्हटले की लाल रंग गृहीत धरतो. पण युरोपने टोमॅटोची पहिली लेखी नोंद केली ती लाल फळाची नव्हे. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले, पेरू-इक्वेडोरच्या बाजूचे. मेक्सिकोत त्याची शेती झाली आणि तेथल्या नावात्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून ‘टोमॅटो’ हे नाव पडले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इटलीतील वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ मात्तिओली याने १५४४ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला हे फळ वांग्याच्या जातीतले वाटले. पिकल्यावर ते सोनेरी होते असे त्याने लिहिले आणि १५५४ च्या आवृत्तीत त्याला ‘पोमी दोरो’ म्हणजे सोन्याची सफरचंदे हे नाव दिले. आजही इटालियन भाषेत लाल टोमॅटोलासुद्धा ‘पोमोदोरो’च म्हणतात. गंमत म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांतही टोमॅटोला ‘बेलवांगे’ असे नाव आढळते. इटलीत काय आणि आपल्याकडे काय, लोकांनी या परक्या फळाचे नाते ओळखीच्या वांग्याशीच जोडले, आणि ते बरोबरही होते. टोमॅटो, वांगे, बटाटा हे तिन्ही सोलॅनम या एकाच प्रजातीत येतात.

तेव्हा पिवळा टोमॅटो हे काही नवीन, प्रयोगशाळेत घडवलेले फळ नाही. तो लाल टोमॅटोचा जुना भाऊ आहे.

रंग येतो कोठून?

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. लायकोपीनच्या रेणूत कार्बनचे ४० आणि हायड्रोजनचे ५६ अणू असतात. हा रेणू एका फटक्यात तयार होत नाही. वनस्पतीची पेशी प्रथम २० कार्बनचे दोन रेणू एकमेकांना जोडते. त्यातून फायटोइन हे रंगहीन द्रव्य बनते. मग वेगवेगळी विकरे त्यातील हायड्रोजनचे अणू टप्प्याटप्प्याने काढून घेतात, आणि रंगहीन फायटोइनचे लाल लायकोपीन होते. लायकोपीनच्या साखळीची दोन्ही टोके वळून कडी तयार झाली की त्याचे बीटा-कॅरोटिन बनते. गाजराला नारिंगी करणारे द्रव्य ते हेच. लायकोपीन आणि बीटा-कॅरोटिन यांतील अणूंची संख्या अगदी सारखी आहे, फरक फक्त रचनेचा आहे.

या साखळीतली पहिली जोडणी करणारे विकर म्हणजे फायटोइन सिंथेज. टोमॅटोच्या फळात हे विकर बनवण्याची सूचना तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. पिवळ्या जातीत या जनुकात बिघाड, म्हणजे उत्परिवर्तन झालेले असते. पहिलीच जोडणी होत नसल्यामुळे पुढचे लायकोपीन तयारच होत नाही. १९९१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लाल टोमॅटोतील हे जनुक मुद्दाम निष्प्रभ केले, तेव्हा त्या रोपांना पिवळी फळे आली. १९९३ मध्ये फ्रे आणि ग्रियर्सन यांनी पिवळ्या टोमॅटोतील बिघडलेले जनुक तपासून नेमका दोष तेथेच आहे हे दाखवले.

येथे एक शंका येईल. हिरव्या पानांनाही कॅरोटिनॉइडे लागतात. प्रखर उन्हापासून हरितद्रव्याचे रक्षण करण्याचे काम ती करतात. मग फायटोइन न बनवणारे हे रोप जगते कसे? याचे उत्तर असे की टोमॅटोजवळ या विकराची एकाहून अधिक जनुके आहेत. पानांत दुसरे जनुक काम करते आणि ते शाबूत असते. म्हणून रोप हिरवेगार, निरोगी असते. फक्त फळात लाल रंग उतरत नाही.

मग फळ पिवळे तरी का दिसते? पांढरे का नाही? त्याचे मुख्य कारण फळाच्या सालीत आहे. सालीत नॅरिंजेनिन चाल्कोन नावाचे पिवळे द्रव्य असते. ते कॅरोटिनॉइड नसून फ्लेव्होनॉइड गटातले आहे आणि त्याचे जनुक निराळे, पहिल्या गुणसूत्राशी निगडित आहे. म्हणजे आपल्याला दिसणारा रंग हा गर आणि साल या दोहोंचा मिळून असतो. लाल गर व पिवळी साल असेल तर नेहमीचा लाल टोमॅटो. लाल गर व रंगहीन साल असेल तर गुलाबी टोमॅटो. पिवळा गर व पिवळी साल असेल तर पिवळा टोमॅटो. आणि पिवळा गर व रंगहीन साल असेल तर फिकट, जवळजवळ मलईच्या रंगाचा टोमॅटो.

हे पडताळून पाहण्यासाठी घरचा लाल टोमॅटो पुरे. तो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, साल सोलून घ्या आणि आतला गर चमच्याने खरवडून टाका. साल उजेडासमोर धरली तर ती लाल नसून पिवळी पारदर्शक दिसेल.

दुसरा प्रयोग फोडणीचा. लायकोपीन तेलात विरघळते, पाण्यात नाही. एका कढईत लाल व दुसऱ्या कढईत पिवळा टोमॅटो, समान वजनाचा, दोन-दोन चमचे तेलात शिजवा. हळद व तिखट घालायचे नाही. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. लाल टोमॅटोवर सुटलेले तेल नारिंगी-लाल होते. पिवळ्यावरचे तेल फिकटच राहते. रश्श्यावर येणाऱ्या तर्रीतला थोडा रंग टोमॅटोचाही असतो, हे मुलांना येथे सहज कळते.

उन्हाळ्याचा पिवळेपणा

आता गच्चीवरच्या कोड्याकडे वळू. आमच्या लाल टोमॅटोचे जनुक बिघडलेले नव्हते. मग तो लाल का झाला नाही?

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर याने १९१३ मध्येच याचे उत्तर दिले होते. हिरवे पण पूर्ण वाढलेले टोमॅटो त्याने वेगवेगळ्या तापमानात पिकवले. साधारण ३० अंश सेल्सियसच्या वर ठेवलेली फळे पिवळी-नारिंगी राहिली. तीच फळे पुढे कमी तापमानात आणली, तेव्हा ती लाल झाली. (याच डगरने पुढे उतारवयात मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ‘ऑरिओमायसिन’ हे प्रतिजैविक शोधले. ते १९४८ मध्ये जाहीर झाले.) लायकोपीन बनण्यास २० ते २५ अंश तापमान सर्वांत अनुकूल असते. ३० अंशांच्या वर ही क्रिया मंदावते आणि त्याहून दोन-तीन अंश वर जवळजवळ थांबते. बीटा-कॅरोटिन मात्र बनत राहते. म्हणून फळ नारिंगी-पिवळे होते. धाराशिवला एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. उन्हात लटकणाऱ्या फळाचे तापमान हवेपेक्षाही काही अंशांनी जास्त असते. मग फळ लाल होणार कसे?

पिवळ्या जातीत आणि उन्हाळ्यातल्या लाल जातीत काय फरक आहे, हे मुलांना एका उदाहरणाने सांगता येते. पिठाची गिरणी बंद आहे. कारण दोन असू शकतात. एक तर गिरणीचे यंत्र मोडले आहे, किंवा यंत्र ठीक आहे पण भारनियमनामुळे वीज नाही. बाहेरून दोन्ही गिरण्या सारख्याच बंद दिसतात. कोणती मोडलेली आहे हे वीज आल्यावरच कळते.

आम्ही ‘वीज आणून’ पाहायचे ठरवले. मातीचा एक मोठा माठ घेतला, त्यात लहान मडके ठेवले आणि दोहोंमधल्या जागेत वाळू भरून ती दिवसातून दोन वेळा ओली केली. वर ओले फडके झाकले. एप्रिलची हवा कोरडी असल्याने पाण्याचे बाष्पीभवन जोरात होते. खोलीत ३४-३५ अंश असताना मडक्यात २५ अंशांच्या आसपास तापमान राहिले. दोन्ही जातींची, नुकताच हिरवा रंग सोडू लागलेली प्रत्येकी सहा फळे तोडली. निम्मी मडक्यात आणि निम्मी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली. आठवड्याभरात मडक्यातली लाल जातीची तिन्ही फळे लाल झाली. माळ्यावरची तिन्ही नारिंगी-पिवळीच राहिली. पिवळ्या जातीची सहाही फळे दोन्ही ठिकाणी पिवळी झाली.

म्हणजे काकूंची भेसळीची शंका खरी नव्हती. बी चोख होते, ऋतू चुकला होता. चूक आमची होती.

हा प्रयोग शाळेत जरूर करावा. यासाठी शीतकपाट वापरू नये. १० अंशांखाली टोमॅटो नीट पिकत नाही आणि त्याची चवही बिघडते. मडक्यात एक तापमापी ठेवून सकाळ-दुपारच्या नोंदी घ्याव्यात. एकाच प्रयोगात बाष्पीभवनाने होणारी शीतलता आणि आनुवंशिकता व पर्यावरण यांतला फरक असे दोन धडे होतात.

‘तिरंग्या’ची भीती

मुलाने काढलेली रोगाची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. मे २०२० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर), पुणे वगैरे जिल्ह्यांतल्या टोमॅटोवर असा विकार दिसला. एकाच फळावर हिरवे, पिवळे, लाल असे पट्टे पडत, फळ असमान पिके आणि कडक राही. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो.

तो काळ टाळेबंदीचा होता. ‘विषाणू’ हा शब्द ऐकताच लोकांनी टोमॅटोचा आणि माणसाच्या साथीचा संबंध जोडला. टोमॅटो खाल्ल्याने आजार होतो अशी अफवा पसरली आणि आधीच अडचणीत असलेल्या शेतकऱ्यांच्या मालाकडे गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले. वस्तुतः वनस्पतींचे विषाणू माणसाच्या पेशीत शिरून वाढू शकत नाहीत. काकडी, मिरची, टोमॅटोवरचे असे कितीतरी विषाणू आपण पिढ्यान्‌पिढ्या नकळत खात आलो आहोत. ही एक साधी गोष्ट सर्वांना ठाऊक असती, तर काहींचे तरी नुकसान टळले असते.

रोगाचा पिवळेपणा ओळखावा कसा? पिवळी जात आणि उन्हाळ्याचा परिणाम या दोहोंत फळ बहुधा एकसारखे रंगते आणि पाने निरोगी असतात. विषाणूमुळे रंग ठिपक्या-पट्ट्यांनी, असमान येतो. पानांवरही हिरवे-पिवळे डाग दिसतात, पाने आक्रसतात किंवा सुतासारखी अरुंद होतात, शेंडा खुरटतो. म्हणून फळाचा रंग पाहण्याआधी पाने पाहावीत. (फळाच्या देठाकडचा भागच तेवढा पिवळा व कडक राहत असेल, तर कडक ऊन आणि पोटॅशची कमतरता हेही कारण असू शकते.)

घरी लागवड कशी करावी?

आमच्या चुकीवरून पहिला धडा असा की ऋतू सांभाळावा. आपल्या भागात घरच्या टोमॅटोसाठी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बी पेरणे चांगले. महिन्याभरात रोपे लावणीला येतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे मिळतात. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश असले की फळधारणा उत्तम होते. दिवसा ३५ अंशांच्या वर पारा गेला की पराग निकामी होऊन फुले गळतात. आमच्या गच्चीवर एप्रिलनंतर एकही नवे फळ धरले नाही, याचे कारण हेच.

रोपे : नारळाच्या करवंटीला तळाशी भोक पाडून तीत माती व कुजलेले शेणखत भरावे. बी एक सेंटिमीटर खोल पेरावे. पाच ते आठ दिवसांत ते उगवते. चार-पाच खरी पाने आली की रोप मोठ्या भांड्यात लावावे. लावताना ते थोडे खोल लावले तर मातीतल्या खोडालाही मुळे फुटतात.

भांडे व माती : ‘यलो पेअर’ ही सतत वाढत राहणारी जात आहे. वेल दोन मीटरपर्यंत सहज जातो. म्हणून निदान १५ लिटरचा डबा किंवा बादली हवी आणि तळाला चार-पाच भोके हवीत. आपली काळी माती ओली असताना चिकट होते व वाळल्यावर भेगाळते. नुसती काळी माती डब्यात भरली तर मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा लेंडीखत मिळायला अडचण नसावी. मात्र ते पूर्ण कुजलेले असावे.

आधार : एक बांबूची काठी किंवा तुरीच्या तुराट्यांची जुडी पुरते. पान व खोड यांच्या बेचक्यात येणारे बगलफूट लहान असतानाच खुडावे आणि एक-दोन मुख्य फांद्याच वाढू द्याव्यात.

ऊन : रोज किमान सहा तास ऊन हवे. फेब्रुवारीनंतर दुपारी फळांवर पानांची किंवा जुन्या साडीची सावली राहील असे पाहावे.

परागण : टोमॅटोचे पुंकेसर जुळून कुक्षीभोवती नळी झालेली असते. वाऱ्याने किंवा कीटकांच्या हादऱ्याने पराग आतल्या आत कुक्षीवर पडतात. बंदिस्त सज्जात रोप असेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने हलकेच टिचकी मारावी.

किडी : पांढरी माशी पाने वळवणारा विषाणू आणते, मावा मोझॅक आणतो. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगल्यास माश्या चिकटतात. पाच टक्के निंबोळी अर्क दर आठ-दहा दिवसांनी फवारावा. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी जवळ झेंडू लावावा. तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावू नये, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावाटे टोमॅटोवर येऊ शकतो. वर्गात हे सांगितले की पुष्कळ मुले घरी जाऊन वडिलांना सांगतात, असा आमचा अनुभव आहे.

पाण्याचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात कोणतेही रोप लावण्याआधी पाण्याचा विचार करावाच लागतो. हिवाळ्यात डब्यातल्या एका मोठ्या रोपाला दिवसाला सरासरी दीड लिटर पाणी लागते असे आम्हाला आढळले. १२० दिवसांचे १८० लिटर झाले. दोन किलो फळे मिळाली तर किलोमागे ९० लिटर पाणी. हाच हिशेब उन्हाळ्यात दुप्पट होतो आणि फळे मात्र निम्मीही मिळत नाहीत. हे आकडे मुलांनी स्वतः नोंदवावेत. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन इंचांचा थर दिला की पाणी बरेच वाचते.

पाणी थोडे पण नियमित द्यावे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी दिले तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे फळे तडकतात. दुसरे म्हणजे फळाचे टोक काळे पडून खालून कुजल्यासारखे दिसते. हा रोग नव्हे, फळात कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण असते. आपल्या मातीत चुना भरपूर असताना असे का व्हावे? कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढते. पाणी खंडले की मातीत असूनही ते फळापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी खत घालण्यापेक्षा पाण्याची वेळ सांभाळणे महत्त्वाचे.

बी ठेवणे

‘यलो पेअर’ ही संकरित जात नाही. टोमॅटोत स्वपरागणच अधिक होते. त्यामुळे तिचे बी ठेवून पुढच्या वर्षी तीच जात मिळते. पूर्ण पिकलेले फळ पिळून बी व रस वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्यावा. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण निघून जाते. मग बी धुऊन सावलीत वाळवावे व राखेत घालून कोरड्या बाटलीत ठेवावे. ते तीन-चार वर्षे चांगले उगवते. पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिले असेल, तर त्या फळांचे बी लावल्यावर पुढच्या पिढीत वेगवेगळी रोपे निघतात.

आता त्या विद्यार्थिनीचे अनुमान उरले. पिवळ्याचे पराग लालवर पडले म्हणून लाल फळ पिवळे होईल का? नाही. फळाचा गर व साल ही आईच्या रोपाची ऊती आहे. पराग कोणाचेही असोत, फळाचा रंग मातृरोपाच्या जनुकांवर ठरतो. परागाचा वाटा फळातल्या बियांमध्ये असतो. तो पुढच्या पिढीत दिसतो. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, तिने उत्तर फक्त एक पिढी आधी शोधले होते.

वर्गातला मेंडेल

म्हणून तिच्याच अनुमानाचा प्रयोग करता येतो. मेंडेलचे १८६६ चे वाटाणे पुस्तकात असतात. पिवळा टोमॅटो अंगणात असू शकतो. संकरित नसलेल्या लाल, गोल टोमॅटोची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी चिमट्याने उघडावी व सगळे पुंकेसर काढून टाकावेत. पिवळ्या जातीच्या उमललेल्या फुलातले पराग तिच्या कुक्षीवर लावावेत आणि दोरा बांधून खूण करावी. त्या फळातल्या बियांपासून येणारी पहिली पिढी सगळी लाल फळांची असेल, कारण लालपणा प्रभावी व पिवळेपणा अप्रभावी आहे. त्यांचे बी पुन्हा लावले की दुसऱ्या पिढीत तीन लाल रोपांमागे एक पिवळे असे प्रमाण अपेक्षित असते.

‘यलो पेअर’चा निमुळता आकारही मुख्यतः एका अप्रभावी जनुकामुळे येतो आणि ते रंगाच्या जनुकाहून वेगळ्या गुणसूत्रावर आहे. त्यामुळे दुसऱ्या पिढीत लाल-निमुळती आणि पिवळी-गोल अशी, आजोबा-आजींपैकी कोणाकडेच नसलेली जोडणीही दिसू शकते. आकारावर इतर जनुकांचाही परिणाम होतो, म्हणून ते प्रमाण पुस्तकाइतके स्वच्छ येईलच असे नाही. रंगाचे प्रमाण अधिक स्पष्ट दिसते.

रोपे किती लावावीत? आठ रोपे लावली, तर त्यांत एकही पिवळे न निघण्याची शक्यता ३/४ या अपूर्णांकाचा आठवा घात, म्हणजे दहातली एक असते. सोळा रोपे लावली तर ती शंभरात एकच उरते. सोळा रोपांना दिवसाला २४ लिटर पाणी लागेल. दुपारच्या भोजनानंतर मुले हात धुतात आणि डबे विसळतात, ते पाणी वळवले तर इतके सहज जमते. पहिला संकर हिवाळ्यात, पहिली पिढी पावसाळ्यात आणि दुसरी पुढच्या हिवाळ्यात असे केल्यास नववीत सुरू केलेला प्रयोग दहावीत पुरा होतो. एक काळजी मात्र घ्यावी. फळांची मोजणी फेब्रुवारीपूर्वी करावी, नाहीतर उन्हाळा लालची पिवळी करील आणि मेंडेलचे गणित चुकल्यासारखे वाटेल!

लाल की पिवळा, चांगला कोणता?

पिवळ्या टोमॅटोत ‘क’ जीवनसत्त्व लालइतकेच असू शकते, पण लायकोपीन नगण्य असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने लायकोपीन अधिक असलेली ‘भाग्यश्री’ ही लाल जात दिली आहे. त्या बाबतीत पिवळा तिची बरोबरी करणार नाही. पिवळ्यात आम्ल कमी असते ही समजूतही सरसकट खरी नाही. आम्लता जातीवर अवलंबून असते. गोडवा जास्त असला की आंबटपणा जिभेला कमी जाणवतो एवढेच. पिवळा टोमॅटो लावायचा तो औषध म्हणून नव्हे. रोज कोशिंबिरीत येणाऱ्या ओळखीच्या फळाकडे त्याच्यामुळे नव्याने पाहता येते, म्हणून लावायचा.

त्या एप्रिलमधल्या पिवळट राहिलेल्या लाल फळांचे बी आम्ही राखेत ठेवले होते. पुढच्या सप्टेंबरात पेरले. जानेवारीच्या थंडीत त्या रोपांना आलेले पहिले फळ आम्ही काकूंना नेऊन दिले. ते लालभडक होते. काकूंनी ते हातात फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, “मग मला पण द्या थोडं बी.”